तिसऱ्यांची निर्यातबंदी

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडायला बरं पडेल. आपण ज्या भाषांमध्ये पोटापाण्याचा कोड लिहितो, त्यांतल्या बहुतेकांचे कंपायलर मराठी नावाला घरात बसू देतात, पण उंबरठा ओलांडताना अडवतात. फाइलच्या आत एखाद्या व्हेरिएबलला मराठी नाव द्या, बऱ्याच ठिकाणी चालून जातं. तेच नाव एका फाइलमधून एक्स्पोर्ट करून दुसरीत इम्पोर्ट करायला गेलात की कुठेतरी घोडं पेंड खातं. हा काही तांत्रिक नाइलाज नाही. सरळ सरळ निष्काळजीपणा आहे. थोडा त्यांचा, आणि बराचसा आपला.

"पण मराठीत कोड लिहितं कोण?" हा प्रश्न तुमच्या जिभेवर आलाय, ठाऊक आहे मला. त्याच्याकडे येतोच. आधी भानगड काय आहे ती नीट बघू.

इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट ही वाक्यं बाकीच्या कोडसारखी नसतात. 'अमुक अधिक तमुक कर' हा हुकूम आहे. कोड चालेल तेव्हा तो पाळला जाईल. 'या फाइलमधून हे नाव बाहेर जाईल' आणि 'त्या फाइलमधून ते नाव आत येईल' ही मात्र जाहीर निवेदनं आहेत. २०१५ साली जावास्क्रिप्टमध्ये मॉड्यूल आले ते याच कल्पनेवर. इंजिन प्रत्येक फाइल आधी नुसती वाचतं आणि दोन याद्या करतं: काय जाणार आणि कुणाकडून काय येणार. मग सगळ्या फाइलींच्या याद्या एकमेकींशी ताडून बघतं. यादी जुळली नाही तर कोडची एक ओळसुद्धा चालत नाही, तिथेच चूक दाखवून काम थांबतं. बंदरात माल उतरायच्या आधी कागद तपासतात ना, तसंच.

म्हणजे या ताडून बघण्यात कंपायलरला तीन निर्णय घ्यावे लागतात. एक, अक्षरांच्या या रांगेत नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. दोन, हे नाव बाहेर जायला पात्र आहे का. तीन, इथलं नाव आणि तिथलं नाव एकच आहे का. रोमन लिपीत हे तिन्ही निर्णय इतके सोपे आहेत की ते घेतले जातात हे आपल्या लक्षातही येत नाही. मराठीत तिन्ही ठिकाणी मार बसतो.

उदाहरण म्हणून मालवणच्या मासळीची भावयादी घेऊ. (गाव तिथलं, त्यात आज रविवार. दुसरं उदाहरण सुचणं शक्यच नाही.) समजा मालवणातल्या एका कॉलेजच्या मुलीनं 'भाव' नावाची फाइल लिहिली. तीत सुरमई, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या अशी नावं आणि प्रत्येकाचा आजचा दर. कुडाळातल्या तिच्या मित्रानं 'हिशेब' नावाची दुसरी फाइल लिहिली. ती ही नावं आयात करते आणि खानावळीचा रोजचा खर्च काढते. दोन फाइली, चार नावं. याहून साधा प्रोग्रॅम काय असणार? आता हाच प्रोग्रॅम वेगवेगळ्या भाषांत लिहून बघू.

पहिली भाषा गो. गूगलनं २००९ साली ती जाहीर केली. तिच्या तीन जनकांपैकी दोघं म्हणजे केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक. १९९२ साली यूटीएफ-८ तयार करणारे ते हेच दोघे. आज जालावर आपण जे मराठी वाचतो ते जवळपास सगळं यांच्याच पद्धतीनं साठवलेलं असतं. तेव्हा या घरी तरी मराठीचं स्वागत होईल असं वाटावं.

गोचा नियम असा: नाव म्हणजे युनिकोड ज्यांना 'अक्षर' किंवा 'अंक' म्हणतं त्यांची रांग. वर एक अंडरस्कोअर. ऐकायला मोठा उदार नियम आहे. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह यांतलं काहीच 'अक्षर' नाही. ती सगळी अक्षराला जोडायची चिन्हं. आणि जोडचिन्हं गोला नावात चालत नाहीत. त्यामुळे 'दर' चालतो, 'घर' चालतं, 'नग' चालतो. 'भाव' चालत नाही, कारण भ ला काना आहे. सुरमईला उकार, बांगड्याला काना आणि अनुस्वार, कोळंबीचं आणि तिसऱ्यांचं तर नावच काढू नका. पहिलीतल्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात तेवढीच मराठी गोला कळते.

बरं, उरला 'दर'. त्याला तरी बाहेर पाठवू. गोमध्ये एक्स्पोर्ट असा शब्द लिहावा लागत नाही. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर ते बाहेर जातं, नसेल तर आतच राहतं. आणि देवनागरीत कॅपिटल अक्षर नसतं! संपलं. देवनागरीतलं कुठलंही नाव, काना-मात्रा असो वा नसो, गोमधून निर्यात होऊच शकत नाही. चिनी, जपानी, अरबी, तमिळ, बंगाली सगळे आपल्याच रांगेत उभे. नाव बाहेर धाडायचंच असेल तर त्याच्या पुढे रोमन कॅपिटल एक्स चिकटवायचा, हा त्यावरचा उतारा.

हे मी शोधून काढलेलं गुपित नाही बरं का. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांच्या पानावर हे सगळं लिहिलेलं आहे, देवनागरीचं नाव घेऊन. एक्स चिकटवायचा उपाय धड नाही हेही तिथे कबूल केलंय. आणि त्याच उत्तराच्या शेवटी, कॅपिटल अक्षरावरून निर्यात ठरवणं ही आमची आवडती सोय आहे, असंही सांगितलंय. म्हणजे दार अरुंद आहे हे मान्य, पण दाराचं नक्षीकाम आम्हाला फार आवडतं, तेव्हा तुम्ही वाकून या. :-)

दुसरी भाषा रस्ट. रस्टवाल्यांनी मात्र हे काम मन लावून केलं. जून २०२१ मध्ये आलेल्या १.५३ आवृत्तीपासून काना-मात्रांसकट मराठी नावं चालतात, आणि दोन नावं एकच आहेत का हे बघण्याआधी ती युनिकोडच्या एका ठरलेल्या प्रमाण रूपात (त्याला एनएफसी म्हणतात) आणली जातात. भावयादीतली चारही नावं सुखानं इकडून तिकडे जातात. पण मॉड्यूलचंच नाव मराठी ठेवून ते त्याच नावाच्या फाइलमधून आणायला गेलात की कंपायलर थांबवतो. फाइलचा पत्ता वेगळा लिहून द्या म्हणतो. आणि अख्ख्या पॅकेजचं, म्हणजे रस्टच्या भाषेत क्रेटचं नाव तर रोमनच लागतं. कारणही खरं आहे: निरनिराळ्या यंत्रांवर फाइलींची नावं निरनिराळ्या पद्धतीनं साठवली जातात, त्यामुळे नाव सापडेलच याची हमी देता येत नाही. मी रस्टला फार दोष देत नाही. निदान दारावर पाटी तरी लावली आहे. पण चित्र तेच: घरात मराठी, बंदरात रोमन.

पुढे जाण्याआधी आपल्या ऱ बद्दल बोलायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे.

'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. बोलताना फरक स्पष्ट ऐकू येतो, लिहिताना स्पष्ट दिसतो. एकात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात य च्या आधी आडवा होऊन येतो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना पगार द्यायचा, हा विनोद शाळेत सगळ्यांनीच ऐकलाय. हा आडवा र मराठीचं (आणि नेपाळीचंही) खास लेणं आहे. हिंदीवाल्यांना त्याची गरज पडत नाही, म्हणून देवनागरीची सोय केली असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा त्याच्या मनात हा र असेलच असं नाही.

युनिकोडमध्ये हा आडवा र तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली, ऱ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१), मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ज्या बटणावर र आहे त्याच बटणावर शिफ्ट धरलं की हा ऱ येतो. दुसरी, साधा र, त्याला नुक्ता, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. तिसरी, साधा र, पाय मोडायचं चिन्ह, मग एक अदृश्य चिन्ह, ज्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, आणि मग य. युनिकोडच्या पुस्तकात पहिली पद्धत मुख्य आहे, ती १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाशी जुळते. तिसरी ठेवलीय ती १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी नातं तुटू नये म्हणून. कुठला कीबोर्ड कुठली पद्धत वापरेल हे त्या कीबोर्डवर अवलंबून. लिहिणाऱ्याला कळायचा मार्ग नाही, कारण पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात.

बघा: तिसऱ्या. आणि हे बघा: तिसर्‍या. पहिला शब्द पहिल्या पद्धतीचा, दुसरा तिसऱ्या पद्धतीचा. (तिसऱ्या पद्धतीच्या तिसऱ्या, हे वाक्य केलं नसतं तर रविवार फुकट गेला असता.)

एनएफसी पहिली आणि दुसरी पद्धत एक करून देतं. तिसरीला हात लावत नाही.

आता तिसरी भाषा, जावास्क्रिप्ट. इथे काना-मात्रा चालतात. २००९ च्या ईएस-५ पासून तो अदृश्य जोडकसुद्धा नावाच्या पोटात चालतो. वा! पण दोन नावं एकच आहेत का, हे ठरवताना जावास्क्रिप्टचं नियमपुस्तक म्हणतं, क्रमांकांची रांग हुबेहूब तीच हवी. प्रमाण रूप वगैरे काही करायचं नाही. दिसायला आणि युनिकोडच्या दृष्टीनंही दोन नावं एकच असली तरी रांग वेगळी तर नाव वेगळं.

म्हणजे मालवणच्या मुलीनं इनस्क्रिप्टवरून 'एक्स्पोर्ट कॉन्स्ट तिसऱ्या' लिहिलं, कुडाळच्या मुलानं जोडकवाल्या कीबोर्डवरून 'इम्पोर्ट तिसऱ्या फ्रॉम भाव' लिहिलं, की नोड चूक दाखवणार: भाव या फाइलमधून 'तिसऱ्या' या नावाचं काही बाहेर येत नाही. पोरगं 'भाव' उघडून बघणार. तिथे ठळक 'तिसऱ्या' लिहिलंय. चुकीच्या संदेशातही तेच लिहिलंय. यादीत तिसऱ्या, मागणीत तिसऱ्या, आणि इंजिन शपथेवर सांगतंय की तिसऱ्या नाहीत. विस्तव न दिसणारी आग कुठे विझवणार?

बरं, जावास्क्रिप्टच्या समितीला नावं तपासायचं वावडं आहे असंही नाही. २०२२ च्या आवृत्तीपासून अवतरणचिन्हांत लिहिलेली कुठलीही अक्षरं निर्यातीचं नाव म्हणून चालतात. ती सोय करताना समितीनं एक अट घातली: त्या अक्षरांत युनिकोडचे अर्धेमुर्धे तुटके तुकडे नसावेत. म्हणजे इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या वाक्यात युनिकोडची तपासणी करता येते, समिती ती करतेही. एकाच शब्दाची दोन रूपं निदान ओळखून तरी दाखवावीत, एवढं मात्र कुणाला सुचलं नाही.

चौथी भाषा जावा. जावानं वेगळंच टोक गाठलंय. जावाच्या नियमांनुसार असली अदृश्य चिन्हं नावात आली तर ती नसल्यासारखीच धरायची. कल्पना सोपी, हेतूही चांगला. पण 'दऱ्या' जोडकानं लिहिला असेल आणि जोडक काढून टाकला तर काय उरतं? र, पाय मोडायचं चिन्ह, य. म्हणजे 'दर्या'. एका क्लासमध्ये दोन्ही नावं ठेवा, कंपायलर म्हणेल हे नाव आधीच घेतलेलं आहे. सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्या एका झटक्यात अरबी समुद्रात!

पाचवी पायथॉन. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनमध्ये मराठी नावं चालतात, आणि तुलना करण्याआधी ती प्रमाण रूपात आणली जातात. जोडक मात्र चालत नाही. तो दिसला की पायथॉन सांगतो, न दिसणारं चिन्ह आहे, आणि त्याचा क्रमांकही देतो. हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पण इम्पोर्टची पंचाईत इथेही आहेच. पायथॉनमध्ये मॉड्यूलचं नाव म्हणजे फाइलचं नाव. कोडमधलं नाव प्रमाण रूपात येतं, डिस्कवरच्या फाइलचं येत नाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-पद्धत नावं सुटी करून साठवायची, म्हणजे ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे. तशी फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर तश्शीच पोचली की तिथे 'इम्पोर्ट तिसऱ्या' केल्यावर उत्तर येणार, असं मॉड्यूलच नाही. फोल्डरमध्ये तर फाइल दिसतेय!

आणि हे फक्त ऱ पुरतं नाही. आपण रोज लिहितो तो 'ॲप' शब्द घ्या. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून 'अॅप' लिहायचे, आजही पुष्कळ जण लिहितात. ही दोन रूपं युनिकोडच्या प्रमाण रूपातही एक होत नाहीत. ज्या शब्दावर आपल्या धंद्याचं पोट चालतं तोच शब्द दोन फाइलींमध्ये दोन वेगळी नावं ठरू शकतो.

असो. आता तुमच्या प्रश्नांकडे वळू.

"मराठीत कोड लिहितं कोण?" तीन देशांत बसलेल्या टीमचा कोड मराठीत लिहा असं मी म्हणत नाहीये. तिथे इंग्रजीच हवी, मीही तीच वापरतो. पण सगळा कोड तसला नसतो. सातबाऱ्याचं काम करणारा प्रोग्रॅम घ्या. फेरफार, पोटखराबा, कूळ, आकार यांना इंग्रजी नावं शोधत बसलात तर कोड वाचणाऱ्याला आधी तुमचं भाषांतर उलटं करावं लागतं. मराठी रकान्यांचे तक्ते वाचून त्यांवरून नावं तयार करणारे प्रोग्रॅम असतात, तिथे तर नाव कुणी निवडतही नाही. आणि ऱ हे काही म्युझियममधलं अक्षर नाही. रा-री नं संपणाऱ्या नामाला विभक्ती लागली की तो हजर: शेतकऱ्याचे नाव, कर्मचाऱ्यांचा पगार, अधिकाऱ्याची सही, किनाऱ्यापासूनचं अंतर. सरकारी कामाच्या कोडमध्ये ही नावं पावलोपावली लागतात.

शिवाय शिकणाऱ्यांचं काय? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मातृभाषेतून शिकवा म्हणतं. २०२१ पासून एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांमधून अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम चालवायला परवानगी दिली. म्हणजे मराठीतून कंपायलर शिकणारा विद्यार्थी ही आता कल्पना राहिलेली नाही. त्या विद्यार्थ्याला दोन हुबेहूब शब्द दिसतात आणि यंत्र म्हणतं हे वेगळे आहेत. तो काय शिकेल? युनिकोडमधल्या जोडकाची गोष्ट शिकेल असं तुम्हाला वाटतं? तो एवढंच शिकेल की मराठी इथे चालत नाही. हा धडा पुसायला फार वर्षं लागतात. मला राग आहे तो याचा. खानावळीच्या हिशेबाचं काय, तो वहीतही होतो.

"मग रोमन लिपीत मराठी लिहा की." लिहून बघा. दर्या आणि दऱ्या रोमनमध्ये एकच होतात. काळा आणि काला एकच होतात. आणि तिसऱ्या हा शब्द रोमनमध्ये तुम्ही एका तऱ्हेनं लिहाल, शेजारचा दुसऱ्या. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून रोमन सुचवताय, तोच रोग तिथे दुप्पट आहे. फरक इतकाच की तिथे तो डोळ्यांना दिसतो.

"सुरक्षेचं काय? अदृश्य चिन्हं धोक्याची असतात." हा मात्र जोरदार मुद्दा आहे, आणि मी तो मानतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ट्रोजन सोर्स या नावानं दाखवून दिलं की लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं वापरून माणसाला एक आणि कंपायलरला दुसराच कोड दाखवता येतो. तेव्हा अदृश्य चिन्हांना सरसकट मोकळं रान नको, हे बरोबर. रस्ट आणि पायथॉन जोडक नाकारतात. मराठीच्या या र चं त्यात काही अडत नाही, कारण ऱ हे दृश्य अक्षर उपलब्ध आहे. फक्त नाकारताना सांगा ना, की बाबा इथे जोडक काढ आणि ऱ वापर. 'न दिसणारं चिन्ह' एवढंच ऐकून कुडाळच्या पोरानं काय करायचं? आणि सुरक्षेच्याच नावानं बघायचं तर सगळ्यात वाईट अवस्था जावास्क्रिप्टची आहे. हुबेहूब दिसणारी दोन नावं तिथे एकाच यादीत गुण्यागोविंदानं नांदू शकतात.

आता नुसती टीका नको, उपायही सांगतो. फार नाहीत.

१. नाव कशाला म्हणायचं याचे नियम युनिकोडनं लिहून ठेवलेत, परिशिष्ट ३१ मध्ये. काना-मात्रा त्यात बसतात. रस्ट आणि पायथॉन त्याच्याच आधारानं चालतात. गोनं ते घ्यावेत, आणि कॅपिटल नसलेल्या लिप्यांसाठी निर्यातीची दुसरी काहीतरी खूण ठेवावी. आवडती सोय एका बाजूला, निम्म्या जगाच्या लिप्या दुसऱ्या बाजूला.

२. तुलनेआधी एनएफसी करा. आणि त्याच वेळी 'र, पाय मोडायचं चिन्ह, जोडक' हा क्रम दिसला तर त्याचा 'ऱ, पाय मोडायचं चिन्ह' करा. दोन्हींचं दृश्य रूप एकच हे युनिकोडनंच सांगितलंय. कोडमध्ये ही एका ओळीची अदलाबदल आहे. जोडक नुसता गिळून टाकू नका, नाहीतर दऱ्या बुडतात.

३. जुना कोड मोडेल म्हणून जावास्क्रिप्टला तुलनेचा नियम बदलता येत नसेल, तर निदान चूक दाखवताना शहाणपणा करा. मागितलेलं नाव सापडलं नाही की दोन्ही याद्या प्रमाण रूपात आणून पुन्हा एकदा ताडून बघा. जुळलं तर सांगा: नाव दिसायला हेच आहे, आतली अक्षरं वेगळी आहेत, हे पाहा त्यांचे क्रमांक. यानं जगातल्या कुणाचाही कोड मोडत नाही. इंजिन करेपर्यंत एखादा लिंटरही हे करू शकतो.

आणि चौथा उपाय आपल्यासाठी. गोच्या पानावर देवनागरीचं नाव आहे, पण तिथे ते कुणी लिहिलं? गो बनवणाऱ्यांनी. आपण काय केलं? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला. त्या दिवशी आपल्या ऑफिसांच्या गटांमध्ये अभिनंदनाचा पाऊस पडला, पडायलाच हवा होता. पण कंपायलरच्या चाचण्यांमध्ये दर्या आणि दऱ्या ही जोडी घालायला दर्जा लागत नाही, एक संध्याकाळ लागते. ती चाचणी टोकियोतला किंवा झुरिकमधला माणूस लिहिणार नाही. त्याचा दोष नाही. त्याच्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपल्याला येतो. आणि पुण्यात, ठाण्यात, बंगळुरात बसून दिवसभर दुसऱ्यांचे बग निस्तरणारे आपण, स्वतःच्या भाषेचा बग मात्र 'कोण लिहितंय मराठीत' म्हणून बंद करून टाकतो. 'दुरुस्त करणार नाही' असा शिक्का मारून.

हा शिक्का मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा पुढच्या विकांताला एवढं करा. दोन फाइली बनवा. एकीत इनस्क्रिप्टनं 'शेतकऱ्या' हे नाव निर्यात करा, दुसरीत जोडकानं लिहून तेच नाव आयात करा. तुमच्या रोजच्या भाषेत चालवा. काय होतं ते बघा, चुकीचा संदेश काय येतो तो उतरवून घ्या, आणि त्या भाषेच्या बगांच्या यादीत तो टाका. मजकूर इंग्रजीत लिहा हो, त्याला माझी हरकत नाही. फक्त उदाहरणातलं नाव मराठी असू द्या.